कायद्याने वगळलेला मजूर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ५ जुलै १९३५ रोजी ज्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्यावर सही केली, त्या कायद्याने गिरणीत, कारखान्यात, खाणीत आणि गोदीत राबणाऱ्या माणसाला आपला संघ स्थापण्याचा, आपले प्रतिनिधी आपण निवडण्याचा आणि त्यांच्यामार्फत मालकाशी सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क बहाल केला. संघाचे सभासदत्व पत्करले एवढ्याच कारणावरून मजुराला कामावरून दूर करणे यापुढे बेकायदा ठरले, आणि अशा फिर्यादींचा निवाडा करण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमले गेले. परंतु याच कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात, ज्या भागाकडे सामान्य वाचकाचे लक्ष सहसा जात नाही अशा ठिकाणी, मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांना या सर्व संरक्षणातून वगळण्यात आले : एक शेतावर मजुरी करणारा, आणि दुसरा परक्याच्या घरी चाकरी करणारा. देशाला अन्न पुरवणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हता. त्याने संघ काढला तर त्याला कोणी तुरुंगात टाकणार नव्हते, पण दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला शेतातून हाकलून दिले, तर दाद मागण्यास त्याला कोणतेही दफ्तर उघडे नव्हते.

हे वगळणे निसर्गनियमाने झाले नाही. सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांनी १९३४ साली प्रथम मांडलेल्या मसुद्यात शेतमजुराला वेगळे काढलेले नव्हते. तो फेरफार समितीच्या टप्प्यावर झाला, आणि तो का झाला हे समजून घ्यावयाचे तर त्या काळच्या काँग्रेसमधील बलाबल ध्यानात घ्यावे लागते. रूझवेल्ट यांच्या पक्षाचे बहुमत दक्षिणेकडील सभासदांच्या आधारावर उभे होते, आणि अनेक महत्त्वाच्या समित्यांची सूत्रे त्यांच्याच हाती होती. त्यांच्या मुलखात कापसाची शेती होती; त्या शेतीवर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांची मुलेनातवंडे अर्धेलीने किंवा रोजंदारीने राबत होती; आणि त्या मजुरांच्या हाती संघाचा हक्क देणे म्हणजे सत्तर वर्षे जतन करून ठेवलेली मालक-मजुराची आणि गोऱ्या-काळ्याची उतरंड मोडून टाकणे होय, हे त्या सभासदांना पुरते कळत होते. बड्या बागाईतदारांच्या संघटनांचे वजनही त्याच पारड्यात पडले. सुधारणेचे विधेयक मंजूर व्हावे म्हणून सुधारणावाद्यांनी तडजोड पत्करली, आणि त्या तडजोडीचा बोजा, जो त्या चर्चेत हजरही नव्हता, त्याच्या शिरावर ठेवला.

हीच रीत त्या दशकात पुनःपुन्हा गिरवली गेली. १९३५ सालच्याच सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन दिले, पण शेतमजूर आणि घरगडी यांना बाहेर ठेवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या विद्वान वकिलाने सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती. त्या चाळणीची छिद्रे बरोबर तेवढीच मोठी आहेत की बहुसंख्य काळी माणसे त्यांतून खाली पडावीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा आला. तासाला २५ सेंट ही मजुरीची खालची मर्यादा ठरली आणि आठवड्याला ४४ तासांपलीकडच्या कामासाठी दीडपट मजुरीचा नियम झाला. शेतमजुराला मात्र या दोहोंपैकी काहीच मिळाले नाही. किमान वेतन त्याच्यापर्यंत पोहोचण्यास १९६६ सालची दुरुस्ती व्हावी लागली, आणि तेव्हाही तो नियम केवळ मोठ्या शेतांपुरता आणि इतरांहून कमी दराने लागू झाला. जादा तासांच्या दीडपट मजुरीतून, तसेच संघाच्या हक्कातून त्याला वगळणे, मध्यवर्ती कायद्यात आजही कायम आहे.

या भेदाच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले जात, ते सर्वस्वी पोकळ नव्हते. यास्तव त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, पोलादाचा कारखाना संपाने महिनाभर बंद राहिला तर पोलाद नासत नाही, पण पिकलेले द्राक्ष आठवडाभर वेलीवर राहिले तर वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून शेतात संपाला वाव देणे धोक्याचे. दुसरा असा की, शेतकरी आणि त्याचा गडी एकाच ताटात जेवतात, एकाच बांधावर घाम गाळतात, आणि अशा घरोब्याच्या नात्यात कायदेकानूंचे काय काम? दुसऱ्या युक्तिवादातील चित्र काही प्रांतांत खरेही होते. परंतु कॅलिफोर्नियात ते खरे नव्हते. तेथे हजारो एकरांची बागाईत कंपन्यांच्या मालकीची होती; मजूर हंगामापुरते येत, मुकादमाच्या हाताखाली टोळीने राबत, आणि मालकाचे तोंडही न पाहता पुढच्या पिकाच्या मागे निघून जात. केरी मॅकविल्यम्स यांनी १९३९ साली या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात या शेतांना त्यांनी सरळ कारखानेच म्हटले. पहिल्या युक्तिवादाविषयी एवढेच नोंदवून ठेवू की, पिकाची नाजूकता ही कायदा वेगळ्या तऱ्हेने घडवण्याचे कारण होऊ शकते, कायदाच नाकारण्याचे नव्हे. आणि हे पुढे एका राज्याने सिद्धही करून दाखवले.

कायद्याचा आधार नसताना मजूर स्वस्थ बसले होते, असे मात्र नाही. आर्कान्सा राज्यातील टायरॉन्झा या गावी १९३४ साली काळ्या आणि गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन दक्षिणी कुळांचा संघ स्थापला, ही त्या काळी प्राणांवर बेतणारी गोष्ट होती. हवाई बेटांवर तर १९४५ साली तेथील विधिमंडळाने श्रमसंबंधांच्या आपल्या कायद्यात शेतमजुराचाही समावेश केला, आणि दुसऱ्याच वर्षी ऊसमळ्यांवरील जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज अशा नाना वंशांच्या मजुरांनी एकजुटीने संप करून तो ७९ दिवस टिकवला. याच्या उलट मुख्य भूमीवर, विशेषतः कॅलिफोर्नियात, मालकांना एक नवे साधन मिळाले होते. महायुद्धाच्या निमित्ताने १९४२ साली मेक्सिकोशी करार होऊन हंगामी मजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली, आणि युद्ध संपल्यावरही ती १९६४ अखेरपर्यंत चालू राहिली. स्थानिक मजुरांनी मजुरीवाढ मागितली की सीमेपलीकडून आणलेली टोळी त्यांच्या जागी उभी करता येई. आणि ती टोळी तक्रार करू लागली तर तिला परत पाठवता येई.

ही योजना बंद झाल्याला वर्ष उलटते न उलटते तोच डेलॅनो गावच्या द्राक्षमळ्यांत ठिणगी पडली. ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी काम थांबवले. तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट ही त्यांची मागणी होती. जुन्या वहिवाटीप्रमाणे मालक आता मेक्सिकन मजूर आणून संप मोडतील, हे इटलिआँग यांना ठाऊक होते; म्हणून ते सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्याकडे गेले. या दोघांनी १९६२ सालापासून मेक्सिकन वंशाच्या मजुरांची संघटना घरोघर फिरून, वर्गणी गोळा करून, पतपेढी उभारून धीमेपणाने बांधली होती, आणि संपासाठी आपण अद्याप तयार नाही असे चावेझ यांचे मत होते. तरीही १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, डेलॅनोच्या चर्चमध्ये भरलेल्या सभेने संपात सामील होण्याचा कौल दिला. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या, आणि ‘युनायटेड फार्म वर्कर्स’ या नावाने जगाला परिचित झालेला संघ त्यांतूनच उभा राहिला. वंशावंशांत झुंज लावून मजुरी खाली ठेवण्याची जी जुनी युक्ती होती, तिचा आधार त्या आठ दिवसांत नाहीसा झाला.

चावेझ यांच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव होता, हे भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे. १९६६ सालच्या वसंतात त्यांनी डेलॅनोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पदयात्रा काढली. १९६८ साली संपकऱ्यांतील काहींचा कल हिंसेकडे वळू लागलेला पाहून त्यांनी २५ दिवसांचे उपोषण केले, आणि ते सुटले तेव्हा सिनेटर रॉबर्ट केनेडी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचे तिसरे साधन बहिष्काराचे. संघाचे कार्यकर्ते न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन येथे जाऊन राहिले, दुकानांसमोर उभे राहिले, आणि गृहिणींना कॅलिफोर्नियाची द्राक्षे न घेण्याची विनंती करू लागले. येथे कायद्यातील एक विलक्षण विसंगती मजुरांच्या मदतीला आली. १९४७ सालच्या दुरुस्तीने कारखान्यातील संघांना त्रयस्थ दुकानदारांवर बहिष्काराचे दडपण आणण्यास मनाई केली होती. परंतु शेतमजूर मुळात त्या कायद्याच्या कक्षेतच नसल्यामुळे ती मनाईही त्याला लागू होत नव्हती. ज्या कलमाने त्याला संरक्षणापासून वंचित ठेवले, त्याच कलमाने त्याचे हातही मोकळे ठेवले होते. २९ जुलै १९७० रोजी डेलॅनोच्या प्रमुख द्राक्षमालकांनी संघाच्या सभागृहात येऊन करारांवर सह्या केल्या. तासाला १ डॉलर ८० सेंट मजुरी, आरोग्यनिधी, आणि डीडीटीसारख्या विषारी औषधांच्या फवारणीस बंदी या गोष्टी त्या करारांत होत्या. आणि ही बंदी मध्यवर्ती सरकारने डीडीटीवर घातलेल्या बंदीच्या दोन वर्षे आधीची आहे, हे विसरता कामा नये.

परंतु केवळ कराराचा भरवसा किती टिकतो, हे तीन वर्षांतच दिसून आले. १९७३ साली मुदत संपताच बहुतेक मालकांनी, मजुरांचे मत न घेता, टीमस्टर्स या दुसऱ्याच संघाशी परस्पर करारमदार उरकले. मजुरांना खरोखर कोणता संघ हवा आहे हे ठरवण्याची कोणतीही कायदेशीर पद्धत नव्हती. त्यामुळे प्रश्न रस्त्यावर आला, हजारो लोकांना अटक झाली, आणि त्या उन्हाळ्यात दोन संपकऱ्यांना प्राण गमवावे लागले. या रक्तपातानंतर मालक, मजूर आणि सामान्य नागरिक या तिघांनाही नियमाची गरज पटली, आणि जून १९७५ मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी कॅलिफोर्नियाच्या कृषी श्रमसंबंध कायद्यावर सही केली.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण शेताच्या स्वभावाला अनुरूप असा कामगार कायदा कसा असावा याचा तो वस्तुपाठ होय. कारखान्यात निवडणूक दोन महिन्यांनी घेतली तरी मजूर तेथेच असतात. मळ्यावर दोन महिन्यांत हंगाम आटोपून टोळी शेकडो मैल दूर गेलेली असते. म्हणून कायद्याने ठरवले की, अर्ज आल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि संप चालू असेल तर शक्य तो ४८ तासांत, गुप्त मतदान झाले पाहिजे. हंगाम नसताना उरलेल्या मूठभर माणसांच्या मतांवर सर्वांचे भवितव्य ठरू नये म्हणून, मजुरांची संख्या ऐन हंगामातील संख्येच्या निम्म्याहून कमी असताना निवडणूक घेता येणार नाही, असा निर्बंध घातला. मालकाने सद्भावाने वाटाघाट करण्याचे टाळले, तर त्या काळात मजुरांचे जे नुकसान झाले ते भरून देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार मंडळाला दिला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टोळी पुरवणारा मुकादम हा मालक नव्हे, ज्याचे पीक तोच मालक, असे कायद्याने स्पष्ट केले. कारण जबाबदारी मुकादमावर ढकलून बागाईतदाराने हात झटकण्याची वाट मोकळी राहिली असती, तर इतर सर्व कलमे व्यर्थ गेली असती. पहिल्या काही महिन्यांतच चारशेहून अधिक निवडणुका झाल्या, आणि पीक नासेल म्हणून मजुराला मताचा हक्क देता येत नाही हा चाळीस वर्षांचा युक्तिवाद त्या मतपेट्यांनी निकालात काढला.

तथापि कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे समजण्याचा मोह वाचकाने आवरावा. १९७६ च्या आरंभीच मंडळाचा पैसा संपला आणि काही महिने त्याचे काम बंद पडले. निवडणूक जिंकूनही करार होत नसे. मालक वाटाघाटीचे गुऱ्हाळ वर्षानुवर्षे चालवीत, आणि दरम्यान टोळ्या बदलून जात. हे ध्यानात येऊन सक्तीच्या मध्यस्थीची तरतूद होण्यास २००२ साल उजाडले. संघटनेचे सभासदही पुढील दशकांत ओसरत गेले. त्याला मालकांचा विरोध जसा कारण झाला, तशी संघातील अंतर्गत फूटही कारण झाली. कामापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत आणि काम संपल्यावर शेतात जाऊन मजुरांशी बोलण्याची संघाला जी मुभा होती, ती मालकाच्या मालमत्तेच्या हक्कावर आक्रमण करते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. हंगामी परवान्यावर परदेशातून येणाऱ्या मजुरांच्या जागा आता वर्षाला तीन लाखांवर गेल्या आहेत, आणि त्या परवान्याची दोरी एकाच मालकाच्या हातात असल्यामुळे तक्रार करणे म्हणजे देश सोडणे, अशी त्या मजुराची अवस्था असते. जुन्या ब्रासेरोची कहाणी निराळ्या नावाने चालूच आहे.

अशा स्थितीतही इतर राज्ये हळूहळू जागी होत आहेत. न्यूयॉर्कच्या संविधानात १९३८ सालापासूनच प्रत्येक नोकरदाराला संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क लिहिलेला होता, पण राज्याच्या कायद्याने शेतमजुराला त्यातून वगळले होते. एका दुग्धशाळेतील मजुराने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि २०१९ साली अपिली न्यायालयाने ती वगळणूक संविधानविरोधी ठरवली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तेथील विधिमंडळाच्या कायद्याने संघाचा हक्क, आठवड्यातून २४ तासांची सलग विश्रांती आणि ६० तासांपलीकडे दीडपट मजुरी या गोष्टी दिल्या. ही ६० तासांची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत २०३२ साली ४० वर यावयाची आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ साली आणि वॉशिंग्टनने २०२१ साली जादा तासांचे कायदे केले. छोट्या शेतकऱ्याची कुचंबणा या सर्व चर्चांत वारंवार पुढे आली, आणि ती खोटी नव्हती. बाजारात भाव ठरवण्याची ताकद त्याच्यापाशी नसते, आणि मजुरीचा वाढीव खर्च तो ग्राहकावर सहज टाकू शकत नाही. परंतु त्याच्या अडचणीचा उपाय भावाच्या आणि करांच्या धोरणात शोधावा, मजुराच्या पाठीवर नव्हे. न्यूयॉर्कने वाढीव मजुरीच्या भरपाईसाठी शेतकऱ्याला करसवलत देऊन हाच मार्ग धरला.

हा प्रश्न अमेरिकेपुरता आहे असे वाटू नये. जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ सालीच असा करार संमत केला होता की, औद्योगिक कामगाराला संघटनेचे जे हक्क असतील तेच शेतमजुरालाही असावेत. शेती या संघटनेच्या कक्षेत येतच नाही असा वाद फ्रान्सने उपस्थित केला असता, हेग येथील स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२२ साली तो अमान्य केला. हिंदुस्थानने १९२३ साली या कराराला मान्यता दिली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेती अगदी आरंभापासून घातली. म्हणजे अमेरिकेने ज्याला दारातच अडवले, त्याला आपण कागदोपत्री आत घेतले. परंतु विखुरलेल्या रानांत, जेथे तपासनीस वर्षानुवर्षे फिरकला नाही आणि मजुराचा संघ नव्हता, तेथे तो कायदा दफ्तरातच पडून राहिला. उलट जेथे संघ झाला, तेथे कायद्याआधीच मजुरी वाढली. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर यांच्या सोबतीने वेठ नाकारली आणि घासकापणीचे दर वाढवून घेतले, याला साक्ष तो सारा मुलूख आहे. केरळने १९७४ साली शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा करून कामाचे तास आणि भविष्यनिर्वाह निधी यांची तजवीज केली, तीही तेथील संघटित बळाच्या जोरावरच. आणि आपल्या बीड-नगरच्या ऊसतोड कामगाराकडे पाहिले तर कॅलिफोर्नियाच्या मुकादमाविषयीच्या त्या एका कलमाचे मोल कळते. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा जोड एका कोयत्याच्या नावाने कारखान्याच्या हद्दीत जातो, पहाटेपासून तोडणी करतो, आणि अपघात झाला की कारखाना म्हणतो, हा मजूर मुकादमाचा. मुकादम म्हणतो, ऊस तर कारखान्याचा. तोडणीचा दर राज्यपातळीवर साखर संघाशी बोलून ठरतो, हे त्यांच्या संघटनांनी संप करून मिळवलेले यश आहे. पण मालक कोण, हा प्रश्न जोवर कायदा निःसंदिग्धपणे सोडवीत नाही, तोवर विमा, निधी आणि बाळंतपणाची रजा मागावयाची कोणाकडे?

म्हणून या दीर्घ इतिहासातून दोन गोष्टी पदरात घ्याव्यात. पहिली ही की, शेतमजुराला बाहेर ठेवणारी भिंत माणसांनी, ठरावीक दिवशी, ठरावीक हितसंबंधांसाठी बांधली. तिला शेतीचा स्वभाव म्हणून नमस्कार करण्याचे कारण नाही, आणि हवाई, कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क येथे ती उतरवली गेली आहे. दुसरी ही की, वेतन, तास, विश्रांती आणि आरोग्य यांचे सर्व हक्क एकत्र येण्याच्या हक्कावर उभे आहेत. कारण सरकारचा तपासनीस शेतात वर्षातून एकदा येईल वा न येईल, पण मजुराचा सोबती रोज त्याच्या शेजारच्या सरीत असतो. जो कायदा या सोबत्याला निर्भयपणे बोलू देईल, हंगाम सरण्याआधी त्याचे मत मोजील आणि खऱ्या मालकाला त्याच्यासमोर बसवील, तोच शेतमजुराचा कायदा म्हणवून घेण्यास पात्र होय. आणि असा कायदा मागणे व तो राबवला जातो की नाही यावर नजर ठेवणे, हे त्याने पिकवलेले अन्न खाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.